दुसरं वर्तुळ

नारायणरावांनी कुलूप लावलं, एकदा ओढून पाहिलं, मग पुन्हा एकदा ओढून पाहिलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. फाटक नवं होतं, त्याच्या हिरव्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. शेजारी तितकाच नवा फलक. रंगाऱ्याच्या मानगुटीवर बसून नारायणरावांनी त्यावर ओळ लिहून घेतली होती : फुटबॉलखेरीज इतर कोणत्याही कारणासाठी मैदान वापरण्यास सक्त मनाई आहे.

फाटकाबाहेर तीन बायका उभ्या होत्या. नसरीन तिची जुनी स्कूटी धरून होती. तिच्या सासूबाई सलिमाबी यांनी मिरच्यांचं गाठोडं पायाशी टेकवलं होतं. आणि तिसऱ्या मालतीबाई, पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर हेल्मेट. मालतीबाई म्हणजे नारायणरावांची लग्नाची बायको. तिला बाहेर ठेवून कुलूप लावताना माणसाचा हात निदान अडखळावा. नारायणरावांचा अडखळला नाही.

“सर, उद्या बारामतीला काकूंची टेस्ट हाय,” नसरीन म्हणाली. “आजची सकाळ तेवढी द्या.”

“रस्त्यावर शिकव. गाडी शेवटी रस्त्यावरच चालवायची असते.”

“रस्त्याला डंपर हायेत, सर.”

“त्याला मी काय करू?”

“आन् मिरच्या?” सलिमाबींनी विचारलं. “त्या बी रस्त्यावरच का?”

“सलिमाबी, गावात गच्च्या कमी आहेत का?”

नारायणरावांनी बायकोकडे पाहिलं. तीस वर्षांच्या सवयीनं त्यांना वाटलं असावं, ही आता दोघींना चार समजुतीचे शब्द सांगेल. मालतीबाईंनी हेल्मेटचा पट्टा सोडला, हेल्मेट काढलं आणि नसरीनच्या हातात दिलं. मग फाटकापासून उजवीकडे वळून त्या घराच्या वाटेला लागल्या. उजवीकडे गावठाण होतं. डावीकडची वाट थेट डांबरी रस्त्याला मिळत होती, तिथून बारामती एका अंगाला आणि वालचंदनगर दुसऱ्या. त्या बाजूला मालतीबाई आजवर कुणाच्या तरी मागे बसूनच गेल्या होत्या.

आता मैदान उदय फुटबॉल क्लबचं होतं, हे कुणी नाकारत नव्हतं. ज्या मुलखात पोरगं चालायला लागलं की त्याला तालमीत नाहीतर क्रिकेटला घालतात, तिथं पी. टी.च्या एका मास्तरानं फुटबॉल रुजवला ही काही साधी गोष्ट नव्हे. लहानपणी वालचंदनगरच्या कॉलनीत मामाकडे राहताना नारायणरावांनी हा खेळ पाहिला आणि त्याचं वेड डोक्यात घेऊन ते गावी आले. गायरानाच्या कडेचा माळ त्यांनी पोरांकडून दगड वेचून घेऊन सपाट केला. हे सगळं खरं. पण क्लब खेळायचा संध्याकाळी. बाकीचा दिवस मैदान गावाचं असायचं आणि गाव ते बिनदिक्कत वापरायचं.

उजाडता उजाडता पोलीस भरतीच्या पोरी तिथं धावायच्या. उन्हं तापली की गोलच्या मागे मिरच्या, कुरडया, शेवया पडायच्या. जनावरांना लस टोचायची ती तिथंच, लग्नाचा मांडव तिथंच. मशिदीचं अंगण ईदला पुरायचं नाही म्हणून नमाजही तिथंच व्हायची आणि आदल्या संध्याकाळी गोलच्या जाळ्या सोडून ठेवायचं काम खुद्द नारायणराव करायचे. एका निवडणुकीत तर हेलिकॉप्टर उतरलं. ते उतरणार हे सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त सलिमाबींना कुणी सांगितलं नव्हतं. पंख्याच्या वाऱ्यानं त्यांच्या मिरच्या अशा उडाल्या की पुढाऱ्यानं अर्धं भाषण शिंकत केलं. विकासाच्या मुद्द्यावर शिंका, पाण्याच्या मुद्द्यावर शिंका. तो उमेदवार पडला आणि गावानं त्याचं श्रेय आजतागायत सलिमाबींना दिलं आहे.

मग गेल्या हिवाळ्यात एका लग्नाचा मांडव निघाला आणि खांबाचा एक खड्डा तसाच राहिला. क्लबचा गोलकीपर विशाल, हातावर पोट असलेला गुणी पोरगा, चेंडूमागे धावताना त्यात पाय जाऊन पडला. घोट्याचं हाड मोडलं. त्याला उचलून गाडीत घालणारे नारायणरावच होते. दवाखान्यातून आले ते रात्रभर न जेवता बसले. त्यांचा राग खोटा नव्हता, हे मालतीबाईंनाही मान्य होतं. पण मांडववाले परगावचे होते, ते केव्हाच निघून गेले. निधी मिळाला, जाळीचं कुंपण झालं, फाटक बसलं आणि कुलूप लागलं ते गावाला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

मशिदीचे रसूलभाई चहाच्या टपरीवर सरांना भेटले तेव्हा त्यांनी बकरी ईदचं विचारलं.

“त्या दिवशी उघडू की,” नारायणराव म्हणाले. “फक्त अगोदर येऊन विचारा.”

“इतकी वर्सं कुणाला इचारलं व्हतं, सर?”

नारायणरावांना त्यात काय बोचण्यासारखं आहे तेच कळलं नाही. रसूलभाई अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेले.

मालतीबाईंना स्कूटी शिकायची होती, त्यामागे हौस नव्हती. गावाला मात्र हौसच वाटत होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी सरांच्या बायकोला पंख फुटले म्हणून लोक हसायचे आणि मालतीबाई त्यांना हसू द्यायच्या.

त्यांची मुलगी सई वालचंदनगरला दिली होती. तिच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी दुपारी फोन आला, आई, दवाखान्यात आणलंय, लवकर ये. सकाळची एसटी निघून गेलेली. घरची मोटरसायकल मैदानावर होती, कारण त्या दिवशी अंतिम सामना होता आणि नारायणराव रेफरी होते. गावातल्या झाडून सगळ्या गाड्या मैदानाभोवती लागल्या होत्या आणि त्यांचे मालक सामना बघण्यात दंग होते. मालतीबाई पिशवी घेऊन रेषेपाशी उभ्या राहिल्या. हातवारे केले. शेवटी नारायणराव धावत जवळ आले, तोंडातली शिट्टी न काढताच ऐकून घेतलं आणि मग ती काढून म्हणाले, “मॅच संपू दे, जाऊ.”

मॅच बरोबरीत सुटली. मग जादा वेळ झाला. मग पेनल्ट्या. मालतीबाई उन्हात उभ्याच.

त्या पोचल्या तेव्हा नातू अद्वय जन्मून, अंघोळ होऊन दुसऱ्या आजीच्या मांडीवर झोपला होता. सईनं आईकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. विहीणबाईंनी मात्र हसतमुखानं विचारलं, कोण जिंकलं हो? तो प्रश्न मालतीबाईंच्या काळजात कुसळासारखा रुतून बसला होता. आता सईला पुन्हा दिवस गेले होते, तारीख तोंडावर आली होती. ह्या वेळी कुणाची मॅच संपायची वाट बघायची नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, आणि म्हणून त्या नसरीनकडे गेल्या होत्या.

नसरीनचा नवरा मुन्ना पंक्चरचं दुकान चालवायचा. स्कूटी नसरीनची होती आणि गावातल्या कितीतरी बायका तिच्यावर शिकून बारामतीला कामाला जाऊ लागल्या होत्या. शिकवायची तिची रीत ठरलेली. आधी सरळ, मग मैदानाच्या मधल्या वर्तुळावरून गोल. मालतीबाई त्या पांढऱ्या रेषेवरून अशा सफाईनं फिरायला लागल्या की धावणाऱ्या पोरी थांबून बघायच्या. तरी आरटीओच्या परीक्षेत त्या नापास झाल्या. तिथं आठाच्या आकड्यावरून गाडी न्यायची होती. अर्धा आठ झोकात गेला आणि पुढच्या अर्ध्यात पाय टेकला.

का टेकला, ते नसरीनला दुसऱ्या दिवशी मैदानावर उमगलं.

“काकू, तुमी सदा उजवीकडंच फिरता. डावीकडनं कधी फिरलाच न्हाय.”

मालतीबाई विचारात पडल्या. वर्तुळ दिसलं की पाऊल देवळाभोवती पडतं तसंच पडणार, मधला देव उजव्या हाताला ठेवून. दुसरीकडून फिरायचं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. नसरीनच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण शिकायला येणाऱ्या बहुतेक जणी तशाच फिरायच्या, आणि बाकीच्यांना वळण तेवढं लवकर जमून जायचं.

मिरच्या परतता परतता सलिमाबी खो खो हसल्या. “आमची चुलतसासू हज करून आली ना, ती सांगायची. तितं समदी दुनिया काबा डाव्या हाताला ठिवून फिरती. तुमचा देव उजवीकडं, आमचा काबा डावीकडं. आरटीओच्या सायबाला दोनी पायजेत, मालतीबाई!”

मालतीबाईही हसल्या, आणि डावीकडून फिरायला लागल्या. ते जमेना. वर्तुळावर नुसतं डावीकडून फिरणं एक वेळ साधायचं, पण उजवीकडून फिरता फिरता एकदम डावीकडे वळायचं आलं की तोल जायचा. नसरीन म्हणायची, “दुसरं वर्तुळ असतं ना जोडून, तर झाला असता सराव.” आणि हे असं अर्ध्यावर असतानाच कुलूप लागलं.

त्या रात्री जेवताना मालतीबाईंनी विषय काढला.

“उद्या सकाळी परीक्षेच्या आधी तासभर फाटक उघडा.”

“एकाला उघडलं की गावाला उघडावं लागतं.”

“मग गावाला उघडा.”

नारायणरावांनी घास हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं. “विशालचा पाय विसरलीस?”

“न्हाय विसरले. महिनाभर डबा मीच नेला त्याला. खड्डा मांडवाचा व्हता. मिरच्यांनी खड्डा पडत न्हाय, आन् नमाजानं बी पडत न्हाय.”

“मैदानाला शिस्त लागते, मालती. तुला नाही कळायचं ते.” मग जरा मऊ होऊन, खरोखरच नवल वाटल्यासारखं त्यांनी विचारलं, “आणि गाडी शिकून तू जाणार आहेस तरी कुठं?”

मालतीबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. हा माणूस विसरलेलाही नव्हता. विसरायला आधी लक्षात असावं लागतं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, ती जरा करपली होती, आणि तीच नारायणरावांच्या ताटात वाढली.

किल्ली भिंतीवर, क्लबच्या ढालींच्या खाली खिळ्याला लटकत होती. त्याखाली कोपऱ्यात फक्कीचं पोतं, मैदान आखायची दोरी आणि दोन लाकडी खुंट्या. ह्या घरात देवघरापेक्षा क्लबचा पसारा मोठा. अकरा पोरांचे चिखलाचे टी-शर्ट मालतीबाईंनी धुतले होते आणि दर स्पर्धेच्या आधी मैदान आखताना मध्यावरची खुंटीही त्यांनीच धरली होती. त्या खाली बसून खुंटी धरायच्या, नारायणराव दोरी ताणून फक्की सोडत त्यांच्याभोवती फिरायचे. हलू नकोस, म्हणायचे. त्या हलल्या नव्हत्या.

सकाळी नारायणराव अंघोळीला गेले तशी मालतीबाईंनी किल्ली काढली. पदराखाली वगैरे लपवली नाही. फक्कीचं पोतं काखेत, खुंटीसकट दोरी खांद्यावर, किल्ली हातात उघडी, अशा त्या भर गल्लीतून गेल्या. कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही, पण दारं मात्र एकामागून एक उघडली.

कुलूप जरा कुरकुरलं आणि निघालं. नसरीन स्कूटी घेऊन आली होती.

“काकू, सर?”

“येतील. ही खुंटी धर. हलू नको.”

मधल्या खुणेपासून मालतीबाईंनी दोन दोऱ्या अंतर मोजलं, तिथं नसरीनला बसवलं आणि दोरी ताणून त्या फक्की सोडत निघाल्या. सुरुवातीला रेघ थोडी नागमोडी गेली. मग पावलाला लय सापडली. आयुष्यभर मध्यावर बसून बघितलेली गोष्ट कडेवरून चालताना वेगळीच दिसते, त्यांना मजा वाटू लागली. वर्तुळ पुरं होऊन जुन्या वर्तुळाला जिथं टेकलं तिथं त्या थांबल्या. अंगावर, पदरावर, भुवयांवर फक्की होती. उदय फुटबॉल क्लबच्या मैदानाच्या मधोमध, स्पर्धा तोंडावर आलेली असताना, भलाथोरला आठ पडला होता.

भरतीची तयारी करणारी निकिता फाटकात घुटमळली. “काकू, उघडं हाय?”

“हाय. आन् आत आल्यावर फाटक लोटू नको.”

पोरी आत आल्या. सलिमाबी गाठोडं घेऊन आल्या आणि गोलच्या मागे आपल्या नेहमीच्या जागी मिरच्या पसरू लागल्या. रसूलभाई दूध घेऊन चालले होते, ते जाळीपाशी थांबले आणि मग सायकल बाहेर लावून आत येऊन उभे राहिले. काही करायला नाही, नुसते उभे.

नारायणराव आले ते केस ओले, गळ्यात शिट्टी. ती त्यांच्या गळ्यात अंघोळीनंतर जानव्यासारखी चढायची. ते तडक मैदानाच्या मध्यावर गेले. मग त्यांनी पांढऱ्या रेघेकडे बोट केलं.

“हे कुणी केलं?”

“मी,” मालतीबाई म्हणाल्या.

“मैदान नासवलंस तू.”

“फक्की हाय. पाणी मारलं की जाईल.”

“फलक वाचता येतो ना तुला?”

“येतो. त्यावर माझं नाव न्हाय. ह्या मैदानासाठी तुमच्याइतकीच राबले मी, कुणी इचारलं का, काय लिव्हायचं म्हणून?”

पोरी धावायच्या थांबल्या होत्या. सलिमाबींचे हात मात्र चालूच होते. नारायणरावांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग ते सरळ चालत गेले आणि जिथं दोन वर्तुळं एकमेकांना टेकत होती नेमके तिथं, हाताची घडी घालून उभे राहिले. तिथून गेल्याशिवाय आठ पुरा होणार नव्हता.

“आता बघू,” ते म्हणाले.

मालतीबाईंनी हेल्मेट घातलं, पट्टा अडकवला. नसरीननं स्कूटी त्यांच्या हवाली केली. गाडी सुरू झाली. जुन्या वर्तुळावरून, देव उजव्या हाताला ठेवून, मालतीबाई एक फेरी फिरल्या. नारायणराव जागचे हलले नाहीत. त्यांच्या पुढ्यातून त्या उजवीकडेच वळून गेल्या. दुसऱ्या फेरीत त्यांनी हॉर्न वाजवला. नारायणरावांनी कडाडून शिट्टी मारली. ही शिट्टी ऐकली की ह्या मैदानावरची सगळी पोरं जागच्या जागी थांबत आणि मालतीबाईही आजवर थांबत आल्या होत्या. सई भिंतीकडे तोंड करून पडलेली त्यांना दिसली.

तिसऱ्या फेरीला त्यांनी वेग कमी केला नाही. नजर नवऱ्यावर ठेवली नाही, पुढच्या रेघेवर ठेवली. गाडी सरळ त्या टेकलेल्या जागेवर चालून गेली आणि नारायणराव दोन पावलं मागे सरकले. भीतीनं नव्हे. रेफरीनं चालू खेळाच्या वाटेत उभं राहायचं नसतं, हे त्यांनी जन्मभर शिकवलं होतं आणि त्यांचे पाय ते त्यांच्या आधी शिकले होते.

मालतीबाई डावीकडे वळल्या. गाडी झुकली, एक क्षण डावा पाय खाली सुटू बघत होता. त्यांनी तो उचलून धरला. वर्तुळाच्या त्या नागमोडी रेघेवरून त्या पूर्ण फिरून आल्या, परत त्याच जागेवरून उजवीकडे, आणि पुन्हा डावीकडे.

“पाय न्हाय टेकला!” सलिमाबी ओरडल्या. “बघा सर, न्हाय टेकला!”

निकितानं टाळ्या वाजवल्या. नारायणराव आठाच्या बाहेर उभे होते, शिट्टी ओठांतून सुटून छातीवर आली होती. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, पण नुसता राग नव्हता. एखाद्या नवख्या पोरानं अवघड चेंडू अडवला की त्यांचा चेहरा असाच व्हायचा आणि तो लपवायला ते खाली वाकून बुटाची नाडी बांधायचे. आत्ता पायात चपला होत्या.

मालतीबाईंनी गाडी फाटकापाशी थांबवली. नसरीन मागे बसली. पुढे लाल रंगातलं एल लावलेलं होतं, ते तिनं एकदा वाकून पुसलं. फाटकाच्या कडीला उघडं कुलूप लटकत होतं. मालतीबाईंनी ते काढलं, किल्लीसकट स्कूटीच्या डिकीत टाकलं आणि डिकी बंद केली.

नारायणराव मागोमाग आले. “कुलूप कुठं घेऊन चाललीस? मैदान दिवसभर उघडं राहील.”

“व्हय.”

“मालती, किल्ली दे.”

त्यांच्या मागे पोरी पुन्हा धावायला लागल्या होत्या. मिरच्या अर्ध्या पसरून झाल्या होत्या. रसूलभाई सलिमाबींना दुसऱ्या गाठोड्याची गाठ सोडून देत होते.

मालतीबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

“मॅच संपू द्या,” त्या म्हणाल्या.

नारायणरावांचा पुढे केलेला हात तसाच राहिला. कुठं ऐकलंय हे, म्हणून ते आठवू लागले. आठवायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि तेवढ्यात मालतीबाईंनी डावीकडचा दिवा लावून, पाय न टेकता गाडी डांबरी रस्त्याच्या वाटेला वळवली होती.